इंजिनाला आवाज बसवायचाय? आधी पूर्ण खर्च मांडा

तुमच्याकडे विजेच्या इंजिनाचं एचओ मॉडेल आहे. चालतं छान, पण गप्प चालतं. त्यात ब्लोअरची घरघर, कॉम्प्रेसरची धडधड, टॅप चेंजरचे ठोके आणि हॉर्न हवा असेल, तर आत साउंड डेकोडर बसवावा लागतो. युरोपातल्या दुकानांत हा डेकोडर साधारण 100 ते 130 युरोला मिळतो. या आकड्यावर जाऊ नका. पुण्या-ठाण्यातल्या तुमच्या टेबलावर तो वाजायला लागेपर्यंत खर्च सहज दुप्पट होतो. चुकीचं इंजिन निवडलंत तर त्याहून जास्त.

निकाल आधीच सांगतो. नवं इंजिन घेणार असाल आणि कंपनीने तेच मॉडेल आवाजासह काढलं असेल, तर तेच घ्या. साध्या आणि आवाजाच्या मॉडेलमध्ये बहुतेकदा 80 ते 120 युरोंचा फरक असतो. तेवढ्यात डेकोडर, स्पीकर, त्या इंजिनाला जुळवलेला आवाज आणि वॉरंटी सगळं येतं. स्वतः बसवण्याचा खटाटोप दोनच बाबतींत परवडतो. एक, इंजिन आधीपासून तुमच्याकडे आहे. दोन, तुम्हाला हवं ते मॉडेल, विशेषतः भारतीय इंजिन, आवाजासह मिळतच नाही. पुढचं सगळं या दोघांसाठी.

आधी इंजिन उघडा, मग पाकीट

डेकोडर मागवण्याआधी बॉडी काढून आत सॉकेट कोणतं आहे ते पाहा. 8 पिनांचं, 21 पिनांचं, प्लक्स-22, की लहान मॉडेलमधलं नेक्स्ट-18? सॉकेटमध्ये आत्ता एक छोटी डमी पट्टी खोचलेली असते. तिचा फोटो काढा आणि दुकानदाराला तोच पाठवा. निम्मे घोटाळे इथेच टळतात.

सॉकेटवर दिव्यांचा हिशेबही ठरतो. 8 पिनांच्या सॉकेटमधून पुढचा दिवा, मागचा दिवा आणि फार तर आणखी एक, एवढंच चालवता येतं. भारतीय इंजिनाला हेडलाइट, पांढरे आणि लाल मार्कर, केबिनचा दिवा आणि पिवळा फ्लॅशर असं सगळं वेगवेगळं चालवायचं असेल तर 21 पिनांचं किंवा प्लक्स-22 सॉकेट हवं. नाहीतर डेकोडरवर वरून वायरी जोडाव्या लागतील. दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर त्या प्रत्येक वायरीची मजुरी लागेल.

सॉकेटच नसलेलं जुनं इंजिन हे खरं खर्चिक प्रकरण. काम होतं, पण मोटर रुळांपासून पूर्ण वेगळी करावी लागते. जुन्या मॉडेलमध्ये मोटरचा एक ब्रश थेट धातूच्या चासीला टेकलेला असतो आणि चासी एका बाजूच्या चाकांना. तसंच ठेवून डेकोडर जोडलात तर पहिल्याच विजेला तो जळतो. तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर बीपवर लावा. एक टोक मोटरच्या टॅगवर, दुसरं आधी डाव्या चाकावर, मग उजव्या चाकावर, मग चासीवर. मोटरचा दुसरा टॅग घेऊन पुन्हा तेच करा. डमी पट्टी आणि जुन्या वायरी काढल्यावर एकदाही बीप वाजता कामा नये. वाजला तर डेकोडरची डबी उघडू नका. लागणारा मल्टिमीटर पाचशे रुपयांत येतो, आणि तो नसेल तर या कामाला हात घालू नका.

विजेच्या इंजिनांची आणखी एक खोड आहे. जुन्या मॉडेलमध्ये वीज रुळांतून घ्यायची की वरच्या तारेतून, हे ठरवणारा छोटा स्विच किंवा स्क्रू छतावर किंवा आत असतो. डिजिटलवर तो कायम रुळांकडेच हवा. पँटोकडून आत येणारी वायर काढून तिचं टोक झाकून टाका.

जुनं-वापरलेलं स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर वर्णनात ‘एसी’ किंवा नागमोडी रेघेचं चिन्ह आहे का ते पाहा. ते मेर्क्लिन पद्धतीच्या, मध्ये तिसरा संपर्क असलेल्या रुळांचं इंजिन असतं. खाली लांब पट्टी दिसेल. तुमच्या दोन रुळांच्या लेआउटवर ते चालणार नाही, आणि ते बदलून घेण्यात वाचवलेले पैसे जातील.

डेकोडर कोणता, किती

बाजारात मुख्य नावं दोन: जर्मनीच्या ईएसयूचा लोकसाउंड 5 आणि ऑस्ट्रियाच्या झिमोची एमएस मालिका. दोन्ही चांगले. लोकसाउंडबरोबर सहसा 11 बाय 15 मिलिमीटरचा छोटा स्पीकर आणि त्याचा डबा येतो. झिमो घेताना स्पीकर वेगळा घ्यावा लागेल का ते विचारा. तसा स्पीकर 5 ते 15 युरोंचा. रुळ मळलेले असतील तर आवाज तुटू नये म्हणून पॉवरपॅक लागतो, त्याचे आणखी 25 ते 30 युरो. हा पर्याय सगळ्यांनी घ्यायची गरज नाही. आधी चाकं आणि रुळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा, बऱ्याच इंजिनांची तक्रार तेवढ्यावर मिटते.

हॉर्नबीने 2023 मध्ये आणलेले एचएम7000 डेकोडर स्वस्त पडतात, साधारण 65 ते 80 पौंड. आवाज मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून भरता येतो, वेगळं यंत्र लागत नाही आणि इंजिनही फोनवरून चालतं. अडचण एकच. आवाज कंपनीच्या संग्रहातलेच मिळतात आणि ते मुख्यतः ब्रिटिश इंजिनांचे आहेत.

आता सगळ्यात मोठा छुपा खर्च. डेकोडर कोरा घेतलात तर त्यात आवाज भरायला कंपनीचं प्रोग्रामर यंत्र लागतं. ईएसयूचा लोकप्रोग्रामर दीडशे युरोंच्या वरच जातो, म्हणजे डेकोडरपेक्षा महाग. एका इंजिनासाठी तो घेणं शुद्ध उधळपट्टी. ऑर्डर देतानाच दुकानदाराला सांगा: अमुक इंजिनाचा आवाज भरून पाठवा. बरीच दुकानं फुकट किंवा नाममात्र पैशांत भरून देतात. पण त्यांना इंजिनाचं नेमकं नाव आणि सॉकेट लेखी द्या. झिमोच्या काही आवाजांना लोड-कोड लागतो. तो त्या एका डेकोडरपुरताच चालतो आणि त्याचे पैसे वेगळे. चार-पाच इंजिनं करायची असतील तर मित्रांनी मिळून एक प्रोग्रामर घ्यावा.

आणि डिजिटल कंट्रोलर? जुन्या डीसी कंट्रोलरवर साउंड डेकोडर चालतो, पण अर्धवट. पाच-सहा व्होल्ट मिळाल्याशिवाय आवाज सुरू होत नाही, आणि उभ्या इंजिनाचा ब्लोअर ऐकायचा असेल तर ते जमणं कठीणच. तयार डिजिटल सेट महाग पडतो. हाताने जुळवायची तयारी असेल तर डीसीसी-ईएक्स ही मोफत प्रणाली पाहा. आर्डुइनो मेगा, मोटर शील्ड, अडॅप्टर आणि वायफायचा तुकडा हे सुटे भाग तीन ते पाच हजारांत होतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत असे भाग मिळतात. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. इंजिन चालवायला अँड्रॉइड फोनवरचं इंजिन ड्रायव्हर अ‍ॅप फुकट आहे.

परदेशातून मागवताना

भारतात चौकशी आधी करा. पण इथे मिळालं नाही तर पार्सलचा हिशेब असा मांडा. जर्मन दुकानात डेकोडरची किंमत 119 युरो दिसते. यात तिथला 19 टक्के व्हॅट धरलेला आहे. माल युरोपाबाहेर जात असेल तर तो वजा व्हायला हवा, म्हणजे उरले 100 युरो. ब्रिटनमध्ये हाच व्हॅट 20 टक्के. काही दुकानं तो आपोआप वजा करतात, काही करत नाहीत आणि बोलतही नाहीत. पत्ता भारताचा टाकल्यावर किंमत उतरली नाही तर पैसे भरू नका, आधी विचारा.

त्यावर पोस्टेज 30 युरो. सोयीसाठी युरो शंभर रुपयांचा धरला तर झाले 13,000 रुपये. कार्डाचं परकीय चलनाचं मार्कअप 2 ते 3.5 टक्के आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जास्तीत जास्त 537 रुपये. मग सीमाशुल्क. ते मालाच्या किमतीवर आणि पोस्टेजवर, दोन्हींवर लागतं, म्हणून महाग कुरिअर दोनदा महाग पडतं. खेळणी आणि मॉडेल 9503 या शीर्षकाखाली येतात. तिथलं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झालं आणि 2023 मध्ये 70. वैयक्तिक वापराच्या पार्सलचा दर वेगळा असतो आणि सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांचा आणखी वेगळा. अर्थसंकल्पात हे आकडे हलतात, तेव्हा मागवायच्या आठवड्यात चालू दर पाहा. मी एकाच पद्धतीने चालतो: सुट्या डेकोडरसाठी किंमत आणि पोस्टेज मिळून जी रक्कम होईल, तिच्या निम्मी करापोटी बाजूला ठेवायची. इथे ती 6,500. कर तुमच्या वतीने भरल्याबद्दल कुरिअर कंपनी स्वतःचं शुल्क लावते, त्यासाठी जीएसटीसह हजार रुपये धरा. एकूण 21,000 रुपयांच्या आसपास. दुकानातला 119 युरोंचा आकडा डोक्यातून काढून टाका.

पूर्ण इंजिन मागवणार असाल तर करासाठी निम्म्यापेक्षा बरीच जास्त रक्कम हाताशी ठेवा. खोक्यावर 14 वर्षांवरील व्यक्तींसाठी असल्याचं लिहिलंय ना, ते दुकानदाराकडून फोटोत पाहून घ्या. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नसेल तर पार्सल अडकून पडतं.

कागदपत्रं फार नाहीत. आधार किंवा पॅन, कुरिअरचा केवायसी आणि अधिकारपत्राचा फॉर्म, दुकानाचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा. वैयक्तिक वापरासाठी आयात-निर्यात कोड लागत नाही. मागितला तर पार्सल व्यावसायिक म्हणून नोंदलं गेलंय, ते दुरुस्त करून घ्या. साध्या टपालाने आलेलं पार्सल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या परदेशी टपाल कार्यालयातून जातं. वेळ जास्त लागतो, पण कुरिअरचं शुल्क वाचतं. बिल कमी किमतीचं करून पाठवा असं दुकानदाराला सांगू नका. कस्टमने किंमत नाकारली तर दंड तुम्हालाच, आणि हरवलं तर विमा त्या खोट्या किमतीचाच.

भाचा किंवा मुलगी परदेशातून येणार असेल तर सामानातून आणणं सर्वांत सोपं. 2016 च्या बॅगेज नियमांत भारतीय प्रवाशाला 50,000 रुपयांपर्यंतच्या मालाला सूट होती. सध्याची मर्यादा आणि अटी निघण्याआधी पाहायला सांगा. बिल सोबत असू द्या.

कोणत्या इंजिनाला कोणता आवाज

ईएसयूच्या संकेतस्थळावर आवाजांचा मोठा मोफत संग्रह आहे, पण त्यात भर युरोप-अमेरिकेवर. भारतीय इंजिनासाठी जवळचा भाऊबंद शोधावा लागतो. डब्ल्यूएपी-4 किंवा जुनं डब्ल्यूएएम-4 असेल तर टॅप चेंजरवालं इंजिन घ्या. ब्रिटिश क्लास 86 चालेल, तेही 25 केव्हीवरचं. वेग वाढवताना एकामागून एक पडणारे ठोके हीच या इंजिनांची ओळख. डब्ल्यूएपी-5, डब्ल्यूएपी-7 आणि डब्ल्यूएजी-9 यांचं तंत्रज्ञान एबीबीचं, थ्री-फेज मोटरचं. तिथे ठोके नकोत, चढत जाणारी शीळ हवी. डब्ल्यूएपी-7 मधून टॅप चेंजर वाजला की जाणकार माणूस हसतो.

खेकड्याच्या चाहत्यांना एक सावधगिरीची सूचना. जीआयपी रेल्वेचं डब्ल्यूसीजी-1, म्हणजे घाटातला आपला खेकडा, 1928 मध्ये स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमध्ये बनायला सुरुवात झाली. दिसायला स्विस क्रोकोडाइलसारखा. म्हणून क्रोकोडाइलचा तयार आवाज घेऊन बसवायचा मोह होतो. पण ते स्विस इंजिन 15 केव्ही एसीवरचं आणि खेकडा 1500 व्होल्ट डीसीवरचा. आवाज जुळत नाही. मुंबईतला डीसी पुरवठाही 2016 मध्ये संपला, तेव्हा नवं रेकॉर्डिंग करायची सोय उरलेली नाही.

हॉर्न मात्र स्वतः रेकॉर्ड करून घालता येतो. मोनो, 16 बिट वेव्ह फाइल करा. प्लॅटफॉर्म तिकीट काढून प्लॅटफॉर्मवरूनच रेकॉर्ड करा, पहाटे केलंत तर गोंगाट कमी. रुळांच्या बाजूला उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जिवाचा प्रश्न त्याच्या आधी येतो.

बसवताना

सॉकेट असलेल्या इंजिनाला एक संध्याकाळ पुरते. सॉकेट नसलेल्याला शनिवार-रविवार दोन्ही द्या.

डेकोडर चिकटपट्टीत गुंडाळू नका. तो गरम होतो आणि हवा न मिळाल्यास बंद पडतो. पिवळी कॅप्टॉन टेप चासीवर लावा, डेकोडर उघडा राहू द्या. 21 पिनांचा डेकोडर उलटा बसू शकतो, म्हणून इंजिनातल्या सॉकेटवर कोणत्या जागी पिन गाळलेली आहे ते पाहून ठेवा. सॉकेट नसेल तर वायरींचे रंग ठरलेले आहेत: लाल आणि काळी रुळांकडे, नारिंगी आणि करडी मोटरकडे, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सगळ्या दिव्यांची सामाईक. एलईडीला किमान एक किलोओहमचा रेझिस्टर हवाच.

स्पीकरला बंद डबा नसेल तर महागडा डेकोडरही डासासारखा वाजतो. स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातात. डब्याच्या कडा गोंदाने हवाबंद करा. जागा बहुधा खालच्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत किंवा छताखाली मिळते. वजनाचा धातू कापून जागा करायची वेळ आली तर थोडाच कापा. हलकं झालेलं इंजिन चढावर डबे ओढत नाही. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की 4 ओहम होतात, तुमच्या डेकोडरला ते चालतात का ते माहितीपत्रकात पाहा.

बॉडी बसवण्याआधी प्रोग्रामिंग ट्रॅकवर चाचणी. नव्या डेकोडरचा पत्ता 3 असतो. पहिलं काम आवाज कमी करण्याचं: ईएसयूमध्ये सीव्ही (डेकोडरमधली क्रमांकित सेटिंग) 63, झिमोमध्ये सीव्ही 266. फॅक्टरीतून तो घर डोक्यावर घेईल इतका मोठा येतो. सगळं बिघडलं तर दोन्हींत सीव्ही 8 मध्ये 8 लिहा, मूळ स्थिती परत येते. मोठा पॉवरपॅक लावला असेल तर सीव्ही वाचताना चुका येऊ शकतात, म्हणून तो शेवटी जोडा.

दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर मजुरीचा ठरलेला दर नाही. चार गोष्टी लेखी घ्या: डेकोडर जळला तर भरपाई कोणाची, दिव्यांच्या वायरी मजुरीत धरल्यात का, आवाज भरण्याचे पैसे वेगळे का, आणि काम किती दिवसांत होणार. वायरी कापलेला डेकोडर दुकानदार सहसा बदलून देत नाही, म्हणून कापण्याआधी तो चालतो का ते तपासून घ्यायला सांगा.

सजावट: कमी पैशांत जास्त फरक

विजेच्या इंजिनाचं मॉडेल आपण वरून पाहतो, म्हणून पैसे छतावर घाला. प्लॅस्टिकचा जाड पँटो काढून झोमरफेल्टचा धातूचा बसवलात की इंजिन बदलून जातं. एकाचे 20 ते 30 युरो. दोन्ही बदलायची घाई नको. आपल्याकडे धावताना साधारणपणे मागचा पँटो वर असतो, तोच आधी बदला. खाली दुमडलेला जुना चालून जातो. इन्सुलेटरला लालसर तपकिरी रंग आणि छतावरच्या तारेला तांब्याचा हात, हे काम घरातल्या बारीक ब्रशने होतं. पँटोभोवती काळपट आणि बोगीवर गंजट तपकिरी भुकटी, वरून मॅट लॅकर. केबिनमध्ये चालक बसवा. रिकाम्या केबिनचं इंजिन धावताना विचित्र दिसतं. परदेशी आकृत्यांच्या पाकिटाला 10-15 युरो पडतात, एका चालकासाठी ते घेऊ नका, मित्राबरोबर वाटून घ्या.

खोक्यातल्या छोट्या पिशवीत ब्रेकचे पाइप, हूक वगैरे असतात. ते दोन्ही टोकांना लावू नका. डबे जोडायच्या बाजूला लावलेत तर 438 मिलिमीटरच्या वळणावर कपलर पाइपांना अडतो आणि गाडी रुळावरून उतरते. पुढच्या टोकालाच लावा.

रंग, भुकटी आणि लॅकर मिळून दीड-दोन हजारांत होतं. वाळण्यासाठी दोन-तीन रविवार धरा. लॅकर मारण्याआधी काचा आणि चाकं झाका. आवाज बसवून, चालवून पाहून झाल्यावरच सजावट करा, कारण बॉडी पुन्हा उघडताना नवे पाइप पहिल्यांदा तुटतात.

एवढा खर्च झेपत नसेल तर लाजू नका. जेएमआरआय हे मोफत सॉफ्टवेअर संगणकातूनच इंजिनाचा आवाज काढतं. टेबलाखाली एक ब्लूटूथ स्पीकर ठेवा. इंजिनात तीस-चाळीस युरोंचा साधा डेकोडर पुरतो.

काढलेला पँटो, डमी पट्टी, खोकं आणि सगळी बिलं जपून ठेवा. रंगवलेल्या, बदललेल्या इंजिनाला संग्राहक कमी भाव देतात, आणि विकायला काढलंत की गिऱ्हाईक पहिला प्रश्न याच वस्तूंचा विचारतं.